हनोईच्या मेट्रोपोलमध्ये दोन रात्री

१९७२ सालच्या डिसेंबरात मी भंडारा जिल्ह्यातील साकोलीजवळच्या आमच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत शिकत होतो. प्रार्थनेआधी फळ्यावर ठळक बातम्या लिहिण्याचे काम माझ्याकडे असे. गुरुजी सकाळी रेडिओवर बातम्या ऐकून येत आणि ते सांगतील तसे मी खडूने उतरवून घेई. त्या महिन्यात ‘हनोई’ हे व्हिएतनाममधल्या शहराचे नाव इतक्या वेळा लिहावे लागले, की ते शहर नकाशावर कोठे आहे हे ठाऊक होण्याआधीच त्याची अक्षरे माझ्या हाताला सवयीची झाली. पुढे मी शिक्षक झालो, निवृत्तही झालो. पण आमच्या लग्नाला ४० वर्षे झाल्याबद्दल परदेशी नेण्याचे लेकीने ठरवले आणि कोठे जायचे असे विचारले, तेव्हा माझ्या तोंडून तेच नाव आले. हॉटेल मात्र तिने निवडले.

नागपूरहून कोलकाता आणि तेथून हनोई असा प्रवास करून आम्ही तिघे फेब्रुवारीतल्या एका ढगाळ दुपारी उतरलो. विमानतळापासून शहराकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोवणी चालली होती. आमच्याकडे रोवणी म्हणजे आषाढ-श्रावणातले काम आणि उन्हाळी धानाची रोवणी पाण्याची सोय असलेल्या मोजक्या बांध्यांतच होते. येथे लाल नदीच्या खोऱ्यात मात्र नजर पोहोचेल तेथवर पाणी भरलेल्या बांध्या आणि त्यांत वाकलेल्या, शंकूसारख्या टोप्या घातलेल्या बाया दिसत होत्या. सौभाग्यवती काचेला नाक लावून पाहत राहिली.

लेकीने निवडलेले मेट्रोपोल हॉटेल १९०१ साली सुरू झाले. त्याच सुमारास फ्रेंचांनी हनोईला इंडोचायना या आपल्या वसाहतीची राजधानी केले, त्यामुळे या पांढऱ्याशुभ्र इमारतीत आणि तिच्या हिरव्या झडपांच्या खिडक्यांत राज्यकर्त्यांचा थाट उघड दिसतो. आमची खोली जुन्या भागात होती. लाकडी जमीन, छताला संथ फिरणारा पंखा, जाड पडदे आणि पाऊल टाकताच होणारा फळ्यांचा तो हलका आवाज मला आमच्या भागातल्या जुन्या मालगुजारांच्या वाड्यांची आठवण देत होता. चार्ली चॅप्लिन १९३६ साली लग्नानंतर येथे राहून गेले आणि त्यांच्या नावाचा एक दालनसंच आजही आहे. २०१९ साली अमेरिका आणि उत्तर कोरियाचे नेते येथेच भेटले. हे सारे मी आदराने ऐकले, पण अंड्याच्या कॉफीची गोष्ट मला अधिक भावली. १९४६ साली दुधाचा तुटवडा होता, तेव्हा येथे काम करणाऱ्या न्गुयेन व्हान ज्यांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा पिवळा बलक साखर घालून फेसून कॉफीवर ओतला. पुढे त्यांनी स्वतःचे दुकान काढले आणि ते अजूनही चालू आहे. आम्ही तेथे जाऊन ती कॉफी प्यायलो. टंचाईत घरातली बाई जसा मार्ग काढते तसा तो काढलेला आहे, आणि चव खरोखर उत्तम आहे.

१९५४ नंतर फ्रेंच गेले आणि हॉटेलचे नाव बदलून ‘थोंग न्यात’, म्हणजे एकीकरण, असे झाले. देश तेव्हा दोन भागांत तुटलेला होता आणि ते एकीकरण व्हायला आणखी २१ वर्षे लागणार होती. अमेरिकेशी झालेल्या युद्धाच्या त्या काळात अंगणाखाली पाहुण्यांसाठी बॉम्बहल्ल्यापासून बचावाचे तळघर बांधले गेले. युद्ध संपल्यावर ते बुजवले गेले आणि विसरले गेले. २०११ साली पोहण्याच्या तलावाजवळचा बार दुरुस्त करताना खोदकामात ते पुन्हा सापडले. आता पाहुण्यांना मार्गदर्शकासोबत खाली नेऊन ते दाखवतात.

दुसऱ्या दिवशी डोक्यावर शिरस्त्राण चढवून आम्ही पायऱ्या उतरलो. वर चांदीच्या चमच्यांचा किणकिणाट होता आणि दहा-बारा पायऱ्यांखाली ओल, सिमेंटचा वास, हात वर केला तर लागेल इतके ठेंगणे छत आणि लहान लहान कोंदट खोल्या होत्या. १८ ते २९ डिसेंबर १९७२ या दिवसांत अमेरिकेची बी-५२ विमाने हनोईवर बॉम्ब टाकत होती. बाख माय रुग्णालय उद्ध्वस्त झाले, खाम थिएन ही नांदती वस्ती जमीनदोस्त झाली. अमेरिकन गायिका जोन बाएझ तेव्हा याच हॉटेलात होत्या आणि आपल्याच देशाच्या बॉम्बपासून वाचण्यासाठी त्या या तळघरात येऊन बसत. येथे त्यांनी गाणीही म्हटली. २०१३ साली त्या पुन्हा आल्या, खाली उतरल्या आणि याच जागी गायल्या. मी भिंतीवर तळहात ठेवला. माझ्या खडूच्या अक्षरांमागे काय होते, ते मला ५० हून अधिक वर्षांनी त्या ओल्या भिंतीने सांगितले.

मार्गदर्शक मुलीने पुढे सांगितले, की हे तळघर पाहुण्यांसाठी होते. शहरातल्या सामान्य माणसांसाठी पदपथांवर जागोजागी सिमेंटची नळकांडी पुरलेली होती. भोंगा वाजला की एकेकाने एकेका खड्ड्यात उतरायचे आणि झाकण ओढून घ्यायचे. आमच्याकडे विहिरीत उतरवतात त्या सिमेंटच्या कड्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. सौभाग्यवतीच्या डोळ्यांपुढे मात्र दुसरेच काही आले असावे.

“एका खड्ड्यात एकच माणूस, तं मायनं लेकराले कुठं ठेवलं असन जी?” तिने मला विचारले.

लेकीने तो प्रश्न इंग्रजीत सांगितला. ती मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, की बहुतेक मुलांना आधीच खेड्यांत पाठवले होते. तिची आजीही तशीच गावी धाडली गेली होती आणि शेतकऱ्यांच्या घरी राहिली होती.

त्या संध्याकाळी होआन किएम तळ्याभोवती आम्ही फेरी मारली, रात्री सुरेख जेवलो आणि मऊ गाद्यांवर झोपलो. हॉटेलच्या सेवेत काडीची उणीव नव्हती, आणि ऐपत असेल त्याने येथे एक रात्र तरी राहावे असे मला मनापासून वाटते. पण आला तर तळघर पाहिल्याशिवाय त्याने जाऊ नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी भुरभुर पावसात आम्ही विमानतळाकडे निघालो. रोवणी चालूच होती. या वेळी सौभाग्यवती बांध्यांकडे पाहत नव्हती. बांध्यांच्या पलीकडची घरे ती एक एक करून निरखत होती, आणि शहर मागे पडून बराच वेळ झाला तरी तिने मान वळवली नाही.