पंक्चरपासून वायरिंगपर्यंत: आमची वाटचाल

आमचं गॅरेज पाटणला, कराड-चिपळूण रस्त्यालगत. वडिलांनी ते पंक्चर, ऑइल बदली आणि ब्रेकच्या कामावर उभं केलं. वायरिंगचं काम आलं की गाडी कराडला धाडायची, हा त्यांच्यापासूनचा शिरस्ता. इंजिन खोलायला आम्ही कधी कचरलो नाही. पण डॅशबोर्डखालचा वायरींचा गुंता दिसला की पाना खाली ठेवायचो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. रात्री शटर ओढलं की मी आणि धाकटा भाऊ टूलबॉक्सला मोबाईल टेकवून व्हिडिओ बघत बसायचो. बरेचसे हिंदी, काही तमिळ, काही अमेरिकेतले. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, गाड्या वेगळ्या, वायरींचे रंगही वेगळे. पण माणूस व्होल्ट मोजायच्या मीटरची टोकं कुठे टेकवतोय हे बघायला भाषा लागत नाही.

पहिल्यांदा डोक्यात बसला तो फ्यूज. लोकांना वाटतं तो हॉर्न किंवा टेप वाचवतो. खरं तर तो वायर वाचवतो. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. लाल सारखा उडतो म्हणून कुणी पिवळा ठोकतो, कुणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो. मग शॉर्ट झालं की फ्यूजच्या आधी वायर वितळते, तीही हात पोचणार नाही अशा जागी. कुंभार्ली घाटात पावसाळ्यात धुकं असतं, त्यामुळे जादा लाईटची मागणी आमच्याकडे कायम. हेडलाईटचा नेहमीचा बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्परला ६०, डिपरला ५५. अप्परला दोन्ही हेडलाईटचे मिळून १२० वॅट, १२ व्होल्टने भागले की १० अँपिअर. १००/९० चे घातले की तोच आकडा सतराच्या घरात जातो, वायर आणि स्विच मात्र जुनेच. असे बल्ब आम्ही बसवत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी. फॉगलॅम्प बसवतो, पण रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून: त्याच्या ८५-८६ या पिनांमधून स्विचचा थोडा करंट, ३०-८७ मधून दिव्याचा मोठा. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. कित्येक व्हिडिओंत तो दिव्याजवळ लावलेला दिसतो. मग बॅटरीपासून तिथवरची वायर कुणाच्या भरवशावर?

व्हिडिओंनी दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी असलेली जोडणी, तपासायची रीत. सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) जड फिरला की आपल्याकडे सरळ बॅटरी बदलतात. नव्या बॅटरीवरही सेल्फ कण्हतच राहिला तर सेल्फ खोलतात. आम्ही आधी मीटर लावतो. बंद गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. ते ठीक असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, आणि पोराला सांगायचं, मार सेल्फ. मीटरने तेव्हा फार तर ०.२ व्होल्ट दाखवावेत. एक व्होल्ट दिसला तर अर्थची पट्टी गंजलीय किंवा ढिली आहे. सॅंडपेपर, नवा बोल्ट, वरून ग्रीस. बॅटरीचे पैसे वाचतात.

अडचण एवढीच की गिऱ्हाईक म्हणतं, "सामान काहीच घातलं नाही, मग पैसे कसले?" म्हणून तपासणीचा दर आता भिंतीवर लिहिलाय. यावर अजूनही हुज्जत होते.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं. पुढे कितीतरी दिवस तिथल्या गाड्या टोइंग होऊन घाट चढत होत्या. चावी फिरवायची नाही, आधी निगेटिव्ह काढायचा, मग सीट आणि कार्पेट बाहेर. डॅशबोर्डच्या क्लिपा न तोडता कशा काढायच्या, हे प्रत्येक मॉडेलचं आम्ही व्हिडिओतूनच बघितलं आणि त्याचा फार उपयोग झाला. पण व्हिडिओ गाडी चालू झाली की संपतो. आमच्याकडे त्याच गाड्या दिवाळीनंतर परत आल्या. कपलरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगच्या, आत हिरवा गंज, एक दिवस काच चालते, एक दिवस नाही. तिथे एकेक कपलर खोलून टर्मिनल साफ करणं हाच मार्ग, आणि ते बघायला कोण बसणार!

गॅरेजच्या स्वतःच्या लाईनचं काम मात्र आम्ही व्हिडिओ बघून केलं नाही. वॉशिंगची जागा कायम ओली, शेजारी कंप्रेसर आणि वेल्डिंग सेट. एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) वायर वाचवतो, माणसाला नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) लागतो. तो परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला, अर्थिंगही नव्याने केलं. त्याचं टेस्टचं बटण दाबून बघायचं काम भावाकडे आहे.

एअरबॅगचे पिवळे कपलर आणि इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबली यांना आम्ही हात लावत नाही, त्या गाड्या कंपनीच्या सर्विस सेंटरला पाठवतो. बाकी कामासाठी सकाळी नऊपासून या. गाडीत उंदीर शिरला असेल तर तेही आधीच सांगा, म्हणजे हार्नेस (वायरींचा जुडगा) खोलायला वेळ राखून ठेवता येतो.