पुलीचं गणित
आज भाचीला अकरावीची पुलीची गणितं शिकवत बसले, दोन तास कसे गेले कळलंच नाही. ३० अंशाचा उतार, घर्षण नाही, त्यावर ४ किलोचा ठोकळा आणि पुलीवरून गेलेल्या दोरीला पलीकडे ३ किलोचं वजन लटकतंय. ती म्हणाली, मावशी, दोरीतलं टेन्शन, म्हणजे ताण, ३ गुणिले ९.८ म्हणजे २९.४ न्यूटन ना? म्हटलं, तसं असतं तर ते वजन जागचं हललंच नसतं गं. मग ठोकळा आणि वजन दोन्हींची वेगवेगळी चित्रं काढली, साइन ३० अर्धा म्हणून उतारावरून ४ किलोचा निम्माच भार खाली ओढतो, दोन समीकरणांची बेरीज केली की टेन्शन उडतं, अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे वेग वाढायचा दर, आलं १.४ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि टेन्शन २५.२ न्यूटन. कमी का आलं हे तिचं तिनेच मला समजावून सांगितलं, इतकं भरून आलं ना!