विंडोज पासवर्ड विचारतच नव्हतं: लिनक्सवरचा फोल्डर शेअर करतानाचा माझा अनुभव

लिनक्सवर साम्बा (लिनक्सवरचे फोल्डर नेटवर्कवरून विंडोज-मॅकला उघडून देणारं सॉफ्टवेअर) टाकणं, फोल्डर ठरवणं, कॉन्फिग फाइलमध्ये शेअरच्या चार ओळी लिहिणं हे पटकन उरकलं. मॅकच्या फाइंडरमध्ये सर्व्हरचा पत्ता दिला, नाव-पासवर्ड टाकला, फोल्डर उघडला. मग विंडोज लॅपटॉपची पाळी आली आणि सगळं तिथेच अडलं.

पत्ता टाकला की एरर यायची. तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार ओळख न पटलेल्या गेस्टला प्रवेश नाही, असा तिचा अर्थ. कसली संस्था? लॅपटॉप माझा, नेटवर्क माझं. शेअरमध्ये गेस्टला परवानगी नाही हे मी स्पष्ट लिहिलेलं. मी पासवर्ड द्यायला तयार होतो, पण तो विचारणारी खिडकीच उघडत नव्हती. याचा मला अजूनही राग येतो.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला एकच: विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) जाऊन असुरक्षित गेस्ट लॉगिन, म्हणजे पासवर्डशिवायचा प्रवेश, चालू करा. कुणी तर एसएमबी १, म्हणजे फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती, चालू करायला सांगतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइल्स अडकवून खंडणी मागणारं रॅन्समवेअर पसरलं ते याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या भोकातून. शिवाय या अडचणीशी त्याचा काही संबंधही नाही. कृपा करून यातलं काहीही करू नका.

खरं कारण टेस्टपार्म चालवल्यावर दिसलं. ही साम्बाची कॉन्फिग तपासणारी कमांड. ग्लोबल भागात ‘मॅप टू गेस्ट’ या ओळीपुढे ‘बॅड यूजर’ लिहिलेलं होतं. उबंटू आणि डेबियनवर ही ओळ आधीपासूनच असते. विंडोज जोडणी करताना काही न विचारता आधी स्वतःच्या लॉगिनचं नाव पुढे करतं. माझं विंडोजवरचं नाव वेगळं, साम्बाला ते माहीतच नाही. अनोळखी नाव आलं की साम्बा नकार देत नाही, गुपचूप गेस्ट म्हणून आत घेतं. आणि गेस्ट म्हटलं की विंडोज स्वतःच दार लावतं: एंटरप्राइज आवृत्तीत २०१७ पासून, विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ अपडेटपासून. साम्बाने साफ नकार दिला असता तर विंडोजने पासवर्ड विचारला असता. मॅक आधीच नाव विचारतो, म्हणून तिथे काही अडलं नाही.

त्या ओळीत ‘बॅड यूजर’ऐवजी ‘नेव्हर’ लिहिलं, साम्बा रीस्टार्ट केलं आणि पासवर्डची खिडकी आली! इतकं हायसं वाटलं की लगेच उठून हे लिहायला बसलो. कॉन्फिगला हात लावायचा नसेल तर विंडोजमध्ये नेटवर्क ड्राइव्ह जोडताना ‘वेगळ्या नावाने जोडा’ हा पर्याय निवडा, त्यानेही काम होतं.

तिथे टाकायचा पासवर्ड साम्बाचा, लिनक्स लॉगिनचा नव्हे. साम्बा स्वतःची वेगळी यादी ठेवतं आणि त्यात नाव घालावं लागतं ते एसएमबीपासडब्ल्यूडी या कमांडने. आधीच्या प्रयत्नांतली जोडणी विंडोजने धरून ठेवली असेल तर एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येत नाही अशी तक्रार येते. तेव्हा विंडोजच्या ‘नेट यूज’ कमांडने जुन्या जोडण्या काढून टाका आणि विंडोज पासवर्ड साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंदही पुसा.

फोल्डर उघडतो पण फाइल सेव्ह होत नाही, असं झालं तर आधी शेअरमध्ये लिहायची मुभा दिली आहे ना ते बघा, मग लिनक्सच्या परवानग्या. साम्बाने कितीही मुभा दिली तरी शेवटचा शब्द फाइलसिस्टमचा. वरच्या प्रत्येक फोल्डरमधून आत जाण्याची परवानगीही लागते. उबंटूत २१.०४ पासून होम फोल्डर इतरांसाठी बंद असतो, म्हणून शेअरचा फोल्डर होमच्या बाहेर ठेवलेला बरा.

विंडोजच्या नेटवर्क यादीत लिनक्सचं मशीन दिसलं नाही तरी शेअर चालू असू शकतो, त्यामुळे थेट आयपी पत्ता टाकून बघा. यादीत दिसायलाच हवं असेल तर लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी (मशीन विंडोजच्या यादीत दाखवणारा छोटा प्रोग्राम) टाका. पत्ता बदलत राहू नये म्हणून राउटरमध्ये तो त्या मशीनसाठी राखून ठेवा.