मंगळवारची पोस्ट

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर तिन्हीसांजेला म्हशी येऊन उभ्या राहतात. तुमच्यासमोर धार काढायची आणि फेस मोडायच्या आत पेला तुमच्या हातात. माझा हा नेम वीसेक वर्षांचा. पण गेल्या दीड वर्षात एक नवी खोड जडली आहे. एका हातात पेला, दुसऱ्या हातात फोन. मिशीवरचा फेस पुसायच्या आधी मंगळवारच्या पोस्टचा आकडा बघायचा. गवळी एकदा म्हणाला, "मालक, दूध गार व्हतंय की. शेअर बाजार पडला काय?"

शेअर बाजार परवडला. मी लिंक्डइनवर लिहितो.

उद्यमनगरात माझं पॅटर्नचं छोटं वर्कशॉप आहे. फौंड्रीत वाळूत साचा पाडायला आधी लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा जो नमुना लागतो, तो आम्ही करतो. तीस वर्षं गिऱ्हाईक तोंडी आलं. शिरोलीच्या फौंड्रीवाल्यानं गोकुळ शिरगावच्याला सांगितलं, त्यानं चहाच्या गाड्यावर आणखी कुणाला. मग पुण्यातला पुतण्या म्हणाला, "काका, परचेसची माणसं आता गाड्यावर नसतात, लिंक्डइनवर असतात. आठवड्याला एक लिहा. पण सोडायचं नाही." मी मंगळवार धरला. अंबाबाईचा वार, म्हणजे विसरायला नको.

पहिली पोस्ट मला अजून माझी सगळ्यांत चांगली वाटते. विषय होता, पॅटर्नवाल्याची पट्टी खोटी असते. ओतलेलं बीड, म्हणजे कास्ट आयर्न, थंड होताना मीटरमागं साधारण १० मिलिमीटर आकसतं, स्टील त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून आमच्या पट्टीवरचा मीटर मुद्दाम तेवढा लांब आखलेला असतो. तिच्यानं मोजलेला नमुना मोठा निघतो आणि कास्टिंग बरोबर मापात येतं. नव्या पोरासमोर साधी पट्टी आणि ही पट्टी शेजारी शेजारी ठेवली की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. हे सगळं रात्री अकरापर्यंत जागून लिहिलं. सकाळी बघतो तर ४१ इम्प्रेशन आणि तीन लाईक. एक पुतण्याचा, एक त्याच्या मित्राचा आणि तिसरा माझाच. आपल्या पोस्टला आपणच लाईक देऊ शकतो, हे ज्ञान ही त्या दिवसाची कमाई.

त्यातही इम्प्रेशन म्हणजे वाचलं असं नव्हे. पोस्ट कुणाच्या तरी स्क्रीनवरनं सरकली, एवढंच. महाद्वार रोडवरनं दिवसाला हजारो माणसं जातात, म्हणून ती सगळी दुकानात चढली असं कुठला दुकानदार म्हणेल? २००३ साली सुरू झालेली ही साइट मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये २६.२ अब्ज डॉलर मोजून घेतली. एवढ्या महागड्या मैदानात माझी माणसं ४१, त्यातली निम्मी बहुतेक चुकून आलेली.

मग मी इतरांचं वाचायला लागलो. तिथली भाषाच निराळी. एक वाक्य, मग मोकळी ओळ. पुन्हा एक वाक्य, पुन्हा मोकळी ओळ. तीनएक ओळींनंतर पोस्टची घडी पडते, तिथं माणसानं बोट लावून उलगडावं म्हणून वर कायतरी रहस्य ठेवायचं. "आज मला एका रिक्षावाल्यानं रडवलं." उलगडून बघावं तर खाली व्यवस्थापनाचे पाच धडे आणि शेवटी, तुमचं काय मत? दूधकट्ट्यावर उभा राहून मीही एकदा मनात जुळवलं होतं, 'म्हशीकडून मी काय शिकलो.' म्हशीनं माझ्याकडं असं बघितलं की फोन खिशात ठेवला.

तरी आठव्या आठवड्यात धीर सुटलाच. तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या ताटाचा फोटो टाकला आणि वर लिहिलं, 'धंद्यात दोन्ही रस्से लागतात.' याचा अर्थ मला आजही विचारू नका. १९ हजार इम्प्रेशन! दोन दिवस मी कट्ट्यावर जरा छाती काढूनच उभा होतो. कमेंट वाचल्या तेव्हा उतरलो. निम्म्या लोकांना हॉटेलचा पत्ता पाहिजे होता आणि एकाला मटण किलोला कसं पडतं ते. पॅटर्नचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. पुढच्या मंगळवारी मुकाट कोअर बॉक्सवर, म्हणजे कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा पाडायच्या पेटीवर लिहिलं आणि साठावर आलो.

अशा पस्तीसेक पोस्ट झाल्या. मग एका सोमवारी बँडसॉवर बोट चिरलं, तीन टाके पडले आणि मंगळवार चुकला. बोटापेक्षा दुसरंच जास्त ठणकलं. कुणीही विचारलं नाही. पुतण्यानंसुद्धा नाही. बायको म्हणाली, "बरं झालं, एक दिवस लवकर झोपला."

त्यानंतर महिन्याभरानं एक गृहस्थ ड्रॉइंग घेऊन वर्कशॉपमध्ये आले. एका पंपाच्या कारखान्यात परचेसला. बसल्या बसल्या म्हणाले, "मधी एक मंगळवार गॅप पडली तुमची. काय झालतं?"

मी बोट दाखवलं. मग राहवलं नाही, विचारलं, "तुम्ही वाचता?"

"सगळ्या. खोट्या पट्टीची आमच्या पोरांना वाचून दाखवली मी."

"अहो, मग एखादा लाईक तरी द्यायचा!"

त्यांनी उगाचच दाराकडं बघितलं. "लाईक केलं की आमच्या साहेबांना दिसतंय. विचारणार, ह्या व्हेंडरशी तुझं काय चाललंय म्हणून."

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. फेसबुकवर मेव्हण्याच्या केकला अंगठा दाखवायला काय जातंय? इथं अंगठ्यामागं माणसाची नोकरी असते. साहेब बघतो, जुना साहेब बघतो, उद्याचा साहेबही बघत असेल. आमच्याच धंद्यातला मागच्या गल्लीतला गडी माझं वाचतो, हे त्याच्या बोलण्यात माझे शब्द यायला लागले तेव्हा कळलं. तो कशाला लाईक देतोय?

शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ सालचं. मध्ये हौदा, भोवतीनं चढत गेलेली बैठक, कुठूनही कुस्ती दिसावी अशी. लहानपणी वडिलांबरोबर जायचो. हलगी घुमायची, शिट्ट्या, फेटे उडायचे. आमच्या शेजारी एक म्हातारे वस्ताद बसायचे, ते कधी टाळी वाजवायचे नाहीत. पटाचा डाव हातात येता येता निसटला की त्यांच्या मांडीवरचा पंजा नुसता आवळायचा. वडील कुस्ती कमी आणि तो पंजा जास्त बघायचे. लिंक्डइननं आकडे पुष्कळ दिलेत, पंजा मोजायची सोय अजून केलेली नाही.

त्या गृहस्थांची ऑर्डर मला मिळाली नाही, हेही सांगून टाकतो. माझा रेट जास्त पडला. काम दुसरीकडं गेलं आणि पुतण्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.

परवा मंगळवारी कट्ट्यावर ते दिसले. पलीकडच्या म्हशीजवळ, पेला हातात, बरोबर इस्त्रीच्या शर्टातला एक जाडजूड माणूस. साहेबच असणार. आमची नजरानजर झाली. ओळख दाखवली नाही, मीही दाखवली नाही. साहेब खिशातनं पैसे काढायला वळले, तेवढ्यात गृहस्थांनी पेल्याआडनं अंगठा आणि तर्जनी एवढीशी फाकवून दाखवली. १० मिलिमीटर असेल.