उरलेली औषधं योग्य हातांत पोचवताना

परवान्याशिवाय औषध विकता येत नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. परवान्याशिवाय ते वाटताही येत नाही, हे मला माझे वडील गेल्यानंतर कळलं. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या अठराव्या कलमात विक्रीच्या जोडीने वितरणही आलं आहे. पैसे घेतले नाहीत म्हणून त्यातून सुटका होत नाही. घरात कॅन्सरची किंवा दुसरी महागडी औषधं उरली आहेत आणि ती एखाद्या गरजूच्या उपयोगी पडावीत असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी माझा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

आम्ही सांगलीचे. अण्णांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता आणि उपचार मिरजेत चालू होते. कॅपेसिटाबिन नावाची केमोची गोळी होती. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ घ्यायची, मग सात दिवस सुट्टी, असं एकवीस दिवसांचं चक्र. एका वेळी तीन किंवा चार गोळ्या, त्यामुळे एका चक्राला शंभरच्या आसपास गोळ्या लागतात. घाऊक विक्रेत्याकडे थोड्या स्वस्त पडतात म्हणून भावाने पुढच्या दोन चक्रांच्या गोळ्या एकदम आणून ठेवल्या होत्या. मग स्कॅन झाला, गाठ वाढलेली दिसली आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली. तिथून पुढे फक्त त्यांच्या वेदना आटोक्यात ठेवायच्या होत्या.

ते गेले तेव्हा कपाटात कॅपेसिटाबिनचे न उघडलेले डबे होते. उलटीसाठीच्या ओन्डान्सेट्रॉनच्या गोळ्या, पित्तावरचं पॅन्टोप्राझोल, अर्धवट राहिलेला सेफिक्झिमचा कोर्स, ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या कापलेल्या स्ट्रिप, फ्रिजमध्ये इन्सुलिनची पेनं आणि एका वेगळ्या डब्यात फेंटानिलचे, म्हणजे तीव्र वेदनांसाठी कातडीवर चिकटवायचे पॅच. आई म्हणाली, "एवढ्या पैशांची औषधं आहेत, टाकू नकोस. आपल्यासारखंच कुणीतरी वणवण फिरत असेल." तिचं म्हणणं मला पटलं.

मेडिकलवाल्या दादांकडे आधी गेले. बिल दाखवलं तर थोड्या दिवसांत ते माल परत घेतात, पण आता बराच काळ लोटला होता. ते म्हणाले, "ताई, माझ्या दुकानातून बाहेर गेलेली गोळी तुमच्याकडे कुठल्या कपाटात होती, उन्हात होती का, ते मला माहीत नाही. पुढच्या पेशंटला मी कशाच्या भरवशावर देऊ?" त्या वेळी वाईट वाटलं. पण पुढे जे जे शिकले ते सगळं या एका प्रश्नाशीच येऊन थांबत होतं.

दरम्यान आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी "कॅन्सरच्या गोळ्या मोफत मिळतील" असा निरोप टाकला आणि फोन सुरू झाले. एका गृहस्थांच्या पत्नीला स्तनाचा कॅन्सर होता आणि तिच्या चिठ्ठीवर हेच नाव होतं. मी त्यांना गोळ्या दिल्या नाहीत, आधी अण्णांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येकाने ऐकावं असं आहे. कॅपेसिटाबिनची मात्रा रुग्णाच्या उंची-वजनावरून काढतात आणि मूत्रपिंडाचं काम मंद असेल तर ती कमी करावी लागते. वॉरफॅरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर जिवावर बेतेल असा रक्तस्राव होऊ शकतो. काही लोकांच्या शरीरात हे औषध मोडणारं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं. त्यांना नेहमीची मात्राही विषासारखी बाधते. हातापायांची कातडी लाल होऊन सोलते, जुलाब लागतात, आणि अशा वेळी गोळी त्याच दिवशी थांबवायची असते. हे सांगणारा डॉक्टर पाठीशी नसताना डबा हातात ठेवणं म्हणजे मदत नव्हे. त्या गृहस्थांना मी त्यांच्याच डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतःही तिथे गेले.

मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतात हे बहुतेकांना माहीत नसतं. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवायच्या, ही योजना महाराष्ट्रात २००६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने चालू आहे, आणि तिथे जाण्याचा रस्ता याच माणसांच्या टेबलावरून जातो. तिथल्या बाईंनी माझी यादी वाचली आणि एका विश्वस्त संस्थेच्या दवाखान्याचा पत्ता दिला. त्या दवाखान्यात औषधपेढी चालते, म्हणजे दान आलेली औषधं तपासून गरजू रुग्णांना दिली जातात. त्यांचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ते ओळखीच्या डॉक्टरांकडून आलेलीच औषधं घेतात आणि दारात पिशव्यांचा ढीग पडलेला त्यांना परवडत नाही.

घरी उरलेली औषधं गोळा करून गरजूंना देण्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. ही पेढी चालते ती डॉक्टरांच्या आधारावर. नोंदणीकृत डॉक्टरला स्वतःच्या रुग्णाला औषध देण्यासाठी विक्रीचा परवाना लागत नाही, अशी अटींसह सवलत औषध नियमांच्या अनुसूची के मध्ये आहे. म्हणून तिथे रुग्ण आधी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे तपासला जातो, त्याचा केसपेपर होतो, आणि त्या डॉक्टरांच्या सहीनेच औषध बाहेर पडतं. हातात देतात त्या नोंदणीकृत फार्मासिस्ट. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध देण्याचं काम त्यांचंच आहे.

फार्मासिस्ट मॅडमनी माझी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि एकेक डबा दिव्याखाली धरून पाहिला. पहिली अट, स्ट्रिप अखंड हवी. कारण बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बहुधा स्ट्रिपच्या एका टोकालाच छापलेली असते. मेडिकलमध्ये चार गोळ्या कापून दिल्या की दुसऱ्या टोकावर नुसतं नाव राहतं, किंवा तेही नाही. अशी गोळी कुणाचीच नसते. पुढे ती बॅच बाजारातून मागे घेतली गेली तर ही गोळी त्यातली आहे की नाही हे कळायचा मार्ग नसतो. दुसरी अट, मुदत संपायला निदान सहा महिने हवेत. तिसरी अट बिलाची, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. परवानाधारक दुकानाच्या बिलावर बॅच नंबर छापलेला असतो. मॅडमनी तो प्रत्येक डब्याशी ताडून पाहिला. जुळला तर औषध खऱ्या दुकानातून आलं आहे, एवढी खात्री पटते. बनावट औषधांच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाला याचं मोल सांगायला नको. काही डब्यांवर क्यूआर कोडही असतो. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर तो सक्तीचा आहे, आणि मोबाइलने वाचला की उत्पादक, बॅच आणि तारखा दिसतात.

भावाने सगळी बिलं अण्णांच्या फाइलीला लावून ठेवली होती. त्यामुळे कॅपेसिटाबिनचे डबे, ओन्डान्सेट्रॉन आणि पॅन्टोप्राझोलच्या अखंड स्ट्रिप घेतल्या गेल्या. औषधं थंड, कोरड्या जागी ठेवली होती असं मी लिहून दिलं आणि सही केली. डब्यावरचं अण्णांचं नाव त्यांनी काळ्या शाईने पुसून टाकलं. रुग्णाला देणगीदाराचं नाव कळत नाही आणि देणगीदाराला रुग्णाचं. गोळी दिल्याबद्दल पैसे घ्यायचे नाहीत, ही अट भिंतीवरच लिहिलेली आहे.

इन्सुलिन त्यांनी हातातही घेतलं नाही. न उघडलेलं पेन दोन ते आठ अंश तापमानात राहायला हवं, आणि आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे सांगलीकरांना विचारा. घरच्या फ्रिजची ग्वाही कोण देणार? सेफिक्झिमही नाकारलं. ते अनुसूची एच १ मध्ये येतं. २०१४ पासून त्या यादीतलं प्रत्येक औषध दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरांच्या आणि रुग्णाच्या नावासह नोंदवावं लागतं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. अर्धवट उरलेलं प्रतिजैविक दुसऱ्याला अर्धवटच मिळणार आणि जंतू त्या औषधाला सरावणार, हे मॅडमनी आईला इतक्या शांतपणे समजावलं की तिला नकाराचं वाईट वाटलं नाही.

ट्रॅमाडॉल आणि फेंटानिलचा मार्ग पूर्ण वेगळा आहे. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे. फेंटानिल, मॉर्फिन वगैरे सहा औषधं त्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर अत्यावश्यक मादक औषधं ठरली, आणि ती साठवून रुग्णांना द्यायची परवानगी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मिळते. ही दुरुस्ती वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णांना औषध सहज मिळावं म्हणूनच झाली. पण घरी उरलेला पॅच दुसऱ्या घरी जाऊ शकत नाही, मग तिथला रुग्ण कितीही कण्हत असो. अण्णांचे पॅच ज्या उपशामक सेवा केंद्रातून आले होते, तिथेच मी उरलेले नेऊन दिले. सिस्टरांनी मोजून नोंद केली आणि दोघींच्या सह्या झाल्या. त्यांनी सांगितलं की वापरून काढलेल्या पॅचमध्येही औषध शिल्लक असतं; तो चिकट बाजू आत करून दुमडायचा आणि लहान मुलांच्या हाती लागू द्यायचा नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मे २०२५ मध्ये उरलेल्या औषधांच्या विल्हेवाटीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १७ औषधं अशी आहेत की गोळा करून घेणारी सोय नसेल तर ती संडासात टाकून पाणी सोडावं, कारण घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली तर एकाच मात्रेने जीव जाऊ शकतो. फेंटानिल आणि ट्रॅमाडॉल दोन्ही त्या यादीत आहेत. बाकी औषधांना ही सूचना लागू नाही, हे नीट लक्षात ठेवा.

राहिल्या कॅपेसिटाबिनच्या काही सुट्ट्या गोळ्या. ही पेशी मारणारी गोळी, ती घंटागाडीत टाकायला मन धजावेना. रुग्णालयातल्या केमोच्या औषधांसाठी २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत १२०० अंशांहून जास्त तापमानाला जाळण्याची तरतूद आहे. घरच्या मुदतबाह्य औषधांना त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा म्हटलं होतं, पण आमच्या भागात तो वेगळा गोळा करायला कुणी येत नव्हतं. शेवटी रुग्णालयाच्या केमो विभागाने त्या आपल्या पिवळ्या पिशवीत घेतल्या.

एवढे नकार ऐकूनही मी या नियमांच्या बाजूने आहे. ज्याच्याकडे विकत घ्यायला पैसे आहेत त्याला सीलबंद, बिलाचं, फार्मासिस्टने दिलेलं औषध मिळतं. ज्याच्याकडे नाहीत त्याला फुकट मिळतंय म्हणून कापलेली, कुठून आली ते न कळणारी गोळी का द्यायची? बोस्नियात युद्धामुळे १९९२ ते १९९६ या काळात मदत म्हणून आलेली जवळजवळ १७,००० टन औषधं निरुपयोगी ठरली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात रुग्णांकडून परत आलेली औषधं दुसऱ्या देशात पाठवू नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे. फ्रान्सनेही घरोघरची औषधं परदेशी वाटणं २००८ च्या अखेरीस थांबवलं.

पण नियम पाळून देता येतं, हेही तितकंच खरं आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात २००७ पासून एक भांडार चालतं. लोक आणि संस्था सीलबंद औषधं तिथे पाठवतात, फार्मासिस्ट तपासतात, मादक औषधं वगळतात आणि विमा नसलेल्या किंवा कमी उत्पन्नाच्या रुग्णांना देतात. दिल्लीत रक्तपेढीतून निवृत्त झालेले ओंकारनाथ शर्मा 'मेडिसिन बाबा' म्हणून वर्षानुवर्षं दारोदार फिरून औषधं गोळा करत आले आहेत. एका वृद्धाच्या पायांवर हे काम उभं राहावं, याचं मला आदरापेक्षाही दुःख जास्त वाटतं. केरळने कोझिकोडमध्ये २०२५ मध्ये घरची औषधं गोळा करायला सुरुवात केली, ती नष्ट करण्यासाठी. तेवढंही आपल्याकडे झालं तर चांगली सुरुवात होईल. मिरजेला तर अथणी, जमखंडी, विजापूरपासून रुग्ण येतात, धर्मशाळेत राहतात आणि केमोचं पुढचं चक्र परवडत नाही म्हणून मध्येच गावी परततात. त्यांना लागणारी औषधं याच गावातल्या कपाटांमध्ये पडून आहेत.

ज्यांच्या घरी सध्या उपचार चालू आहेत त्यांना एवढंच सुचवते: महागडी गोळी एका चक्रापुरतीच आणा, बिल फेकू नका, स्ट्रिप वापरताना तारीख असलेलं टोक शेवटपर्यंत राखा आणि डबा मूळ खोक्यातच ठेवा. गोळी बंद झाली की मुदत सरायच्या आत समाजसेवकांना गाठा.

मी सांगलीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात अर्ज दिला आहे. दोन मागण्या आहेत. मेडिकल संघटनेच्या मदतीने शहरात उरलेल्या औषधांच्या संकलन पेट्या ठेवाव्यात, आणि धर्मादाय रुग्णालयांतल्या औषधपेढ्यांना लेखी कार्यपद्धती ठरवून द्यावी, म्हणजे आज डॉक्टरांच्या भल्या मनावर चाललेलं काम उद्या कुणाच्या बदलीने बंद पडणार नाही. ज्या कुटुंबांना या अर्जावर सह्या करायच्या असतील त्यांनी आपल्या रुग्णालयातल्या समाजसेवकांकडे नाव द्यावं. अर्जाच्या प्रती मी तिथे ठेवल्या आहेत.