मेल्क ते क्रेम्स: 'आरामाचा दिवस' म्हणे!

"ताई, मेल्क ते क्रेम्स म्हणजे आरामाचा दिवस. नदीकाठ, उतार आणि वारा पाठीवर. पायडलवर पाय नुसते ठेवायचे." हे माझ्या मावसभावाचं वाक्य. तो व्हिएन्नात राहतो; मेल्क आणि क्रेम्स ही ऑस्ट्रियातली डॅन्यूब नदीकाठची गावं. मेल्कला तो नेहमी कारने जातो, हे मात्र त्याने मी क्रेम्सला पोचल्यावर फोनवर सांगितलं.

जुलैचा रविवार. मी आणि नवरा जर्मनीतल्या पासाऊहून डॅन्यूबच्या काठाने सायकलवर निघालो त्याचा पाचवा दिवस. आधीचे चार दिवस छान गेले, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मेल्कचा पिवळाधमक मठ डोळे भरून पाहिला आणि साडेनऊला पूल ओलांडून उत्तर काठावर एमर्सडॉर्फला आलो. दोन वळणांत कळलं की आज वारा समोरून आहे.

या खोऱ्यात वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो, म्हणून सगळे पासाऊहून व्हिएन्नाकडे जातात, उलटं फारसं कोणी येत नाही. 'बहुतेक वेळा' हे शब्द भाऊ गाळून गेला होता. आणि उतार? साधारण ३५ किलोमीटरांत नदी पंधराएक मीटर उतरते. म्हणजे पाच मजली इमारत, तीसुद्धा एवढ्या अंतरावर पसरलेली. त्याला उतार म्हणायला हिंमत लागते. काठावर किलोमीटरच्या पाट्या आहेत, त्यांचे आकडे समुद्राकडून मोजलेले, त्यामुळे आपण जाऊ तसे ते उतरत जातात. मेल्कपाशी २०३६ च्या आसपास, क्रेम्सला २००२ च्या. पाठीवर वारा असता तर मजा वाटली असती. आम्ही एकेक आकडा खाली आणायला दात-ओठ खात होतो.

विलेनडॉर्फला थांबायचं तर हे जाणून थांबा: १९०८ मध्ये सापडलेली ती ११ सेंटिमीटरची प्रसिद्ध दगडी 'व्हीनस', म्हणजे अश्मयुगातली स्त्रीमूर्ती, व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे, गावात तिची प्रतिकृती आहे. आम्ही पाणी प्यायलो आणि निघालो.

खरा त्रास श्पिट्झच्या पुढे. तोवर नदी ईशान्येला जाते, वारा तिरपा लागतो, चालून जातं. श्पिट्झनंतर तो तोंडावर येतो आणि त्याच वेळी सायकलचा रस्ता काठ सोडून द्राक्षमळ्यांत आणि गावांच्या बोळांत शिरतो. सेंट मिखाएल, व्योझनडॉर्फ, योखिंग, वाइसनकिर्शन. दिसायला सुंदर, ते नाकारत नाही. पण छोटा चढ, छोटा उतार, काटकोनात वळण, पुन्हा छोटा चढ. कसारा घाट चढलेल्यांना हसू येईल, मलाही एरवी आलं असतं. मागे दोन भरलेले पॅनिअर (कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या) आणि समोर वारा असताना प्रत्येक चढाला गिअर शोधत बसणं म्हणजे आराम नव्हे. वाइसनकिर्शनला नवरा म्हणाला, "यापेक्षा घाट बरा, निदान एकदाच संपतो."

आणि मग ड्यूर्नश्टाइन. गाड्यांसाठी गावाखालून बोगदा काढलाय. सायकलवाल्यांच्या वाट्याला गावातली दगडी फरसबंदी आणि क्रूझमधून उतरलेली गर्दी. माझ्या डाव्या पॅनिअरचा हुक तिथेच निसटला. गावात मुकाट उतरा आणि ढकलत न्या. बारीक टायर असतील तर आधीपासूनच.

इथे दुसरी ठेच. मुख्य रस्त्यावरच्या एका कॅफेत जर्दाळूचे क्नोडल मागवले (उकडलेले, आत अख्खं फळ, वरून परतलेला ब्रेडचा चुरा, उकडीचे मोदक खाणाऱ्याला लगेच पटतील) आणि पाणी मागितलं. पाण्याची बाटली आली, बिलात ५ युरो ९०. दोनदा मागितलं होतं. ऑस्ट्रियात नळाचं पाणी उत्तम असतं, पण 'लाइटुंग्सवासर' असं स्पष्ट म्हणा, नुसतं 'वासर' नाही. वरच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडच्या राजा रिचर्डला ११९२ च्या डिसेंबरात पकडल्यावर डांबलं होतं, आणि त्याच्या खंडणीतून व्हिएन्नाच्या तटबंदीला पैसा मिळाला. गावाची परंपरा जुनी आहे. किल्ल्यावर आम्ही गेलो नाही, पायांनी नकार दिला.

आता माझं मत. 'उत्तर काठच चांगला' असं सगळे सांगतात. ते गावं बघायला आलेल्यांसाठी खरं आहे. सामान लादलेल्या सायकलवर, वारा विरुद्ध असताना, दक्षिण काठ घ्या: गावं कमी, गर्दी कमी, समोर पाण्यापलीकडे तीच सगळी देखणी गावं. माउटर्नहून पुलावरून क्रेम्स. श्पिट्झ बघायचंच असेल तर दक्षिण काठावरच्या आर्न्सडॉर्फहून फेरीबोट पकडा. ही बोट तारेला बांधलेली असते आणि नदीच्या प्रवाहानेच पलीकडे जाते, इंजिनाशिवाय. अख्ख्या दिवसात मी एवढ्या एकाच गोष्टीवर भाळले, आणि तीही काठावरून बघून.

वाऱ्याची दिशा आदल्या रात्री बघा. पूर्वेचा असेल आणि सामान मुक्कामीच ठेवायचं असेल तर सरळ क्रेम्सहून मेल्ककडे चालवा. ते पंधरा मीटर चढताना कळणारही नाहीत.

रविवारी सुपरमार्केट बंद असतात, शनिवारीच ब्रेड, चीज घ्या. शाकाहारी असाल तर 'हॉयरिगर' शोधा, म्हणजे द्राक्षमळेवाल्यांची स्वतःची वाईनची बैठक. दाराबाहेर हिरवी डहाळी टांगलेली असेल तर उघडं आहे. ब्रेडवर लिप्टाउअर, म्हणजे पाप्रिका घातलेला चीजचा लेप, मिळतो. रोख पैसे ठेवा. वाईन क्रेम्स जवळ आल्यावरच.

क्रेम्सहून व्हिएन्नाची रेल्वे तासाभराची. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि रविवारी संध्याकाळी सगळं खोरं एकदमच परतत असतं. पहिली गाडी सायकलींनी भरलेली, सोडावी लागली. फलाटावर बसून आम्ही वाटेत घेतलेले जर्दाळू संपवले. वारा तोवर पूर्ण पडला होता.