परसातले पाणी

माझे माहेर सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातले आणि सासर रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यातले. माणमध्ये वर्षभरात जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. राजापुरात तो तीन हजारांच्याही वर जातो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. लग्नानंतरच्या पहिल्या मृगात मी मोठ्या हौसेने मागीलदारी भोपळ्यासाठी आळे केले. लहानपणापासून पाहत आले होते तसेच ते होते: परातीएवढा खोलगट खड्डा, भोवती मातीची कड, मध्ये शेणखत आणि तीन बिया. सासूबाई पडवीतून पाहत होत्या, पण काही बोलल्या नाहीत. आठवडाभरात त्या आळ्याचे डबके झाले आणि बिया कुजल्या, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "पाणी धरून ठेवायचं ते तुमच्या घाटावर. इथे त्याला वाट करून द्यायची."

त्यानंतर आमच्या परसात आळे कधी झाले नाही. मे महिन्यातच मातीचे गुडघ्याच्या निम्म्याने उंच ढीग करायचे, त्यात कुजलेला पाला, शेणखत आणि चुलीची राख मिसळायची आणि ढिगांच्या मधून उताराकडे चर काढायचे, हा आता ठरलेला क्रम आहे. जांभ्याची तांबडी माती मुळात आम्लधर्मी, त्यामुळे राख तिला मानवते. बांबूचे खांब आणि काथ्याची दोरी यांचा मांडव याच दिवसांत उभा राहतो. गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, पडलेले चिरे पुन्हा रचणे आणि जिथे गडगा नाही तिथे काट्याकुट्यांची वई घालणे ही कामे माझ्या यजमानांची. गुरे वईने थांबतात. वानरे कशानेच थांबत नाहीत, आणि त्यांच्याविषयी मी इथे लिहायला लागले तर बाकीचे लिहिणे राहून जाईल.

बिया रोहिणीच्या अखेरीस काढायच्या आणि मृगाचा पहिला पाऊस मुरला की टोकायच्या, हा सासूबाईंचा नियम. म्हणजे साधारण ७-८ जूननंतर. २०२५ साली या नियमाची परीक्षा झाली. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच पाऊस लागला आणि २५ मे रोजी मोसमी वारे दक्षिण कोकणात पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. एरवी आम्ही त्या दिवशी रोहिणी लागली म्हणून बियांच्या बरण्या उन्हात ठेवतो. या वेळी ऊन नव्हते, मांडवाचे अर्धे खांब उभे व्हायचे होते आणि चर तर काढलेच नव्हते. पाऊस आलाच आहे तर पेरून टाकू, असा माझा आग्रह होता. सासूबाई थांबू म्हणत होत्या. शेवटी अर्ध्या बिया मी माझ्या मताने टोकल्या आणि अर्ध्या त्यांनी मृगासाठी ठेवल्या. माझ्या बियांपैकी काकडीच्या तेवढ्या उगवल्या, पडवळाची एकही नाही. पडवळाच्या बीचे कवच जाड असते, तिला उगवायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ सतत भिजलेल्या मातीत ती तग धरत नाही, हे मला तेव्हा समजले.

वेल दोन-चार पानांवर आले की तांबडे भुंगेरे येतात आणि एका सकाळीत पानांची चाळण करतात. त्यांच्यासाठी आमच्याकडे राखच वापरतात. पहाटे पाने ओली असताना ती वरून भुरभुरवायची. मात्र आषाढातल्या संततधारेत राख तासभरही टिकत नाही, म्हणून या दिवसांत माझी मुलगी शाळेला जाण्यापूर्वी साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन वेलांपाशी बसते आणि भुंगेरे वेचून त्यात टाकते. तिने याचा हिशेब ठेवायला सुरुवात केली होती, पण चौथ्या दिवशी वहीच भिजली.

वेलवर्गीय भाज्यांचे खरे दुखणे मात्र पुढे, फळ धरताना सुरू होते. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. पडवळाचे आणि दुधीचे रात्रीचे, तर दोडक्याचे संध्याकाळी उमलते. भोपळ्याच्या उमलण्याच्या वेळी धो धो पाऊस असेल तर मधमाश्या येत नाहीत, पराग भिजतात आणि मागे इवलेसे फळ घेऊन आलेले मादी फूल पिवळे पडून गळते. वेलाला खत कमी पडले असे समजून मी दोन वर्षे शेणखत वाढवत राहिले आणि त्याचा परिणाम म्हणून फक्त पाने वाढली. आता जुलै-ऑगस्टमध्ये रोज सकाळी आठच्या आत छत्री घेऊन मागीलदारी जायचे, नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि मधला केसर मादी फुलाला हलक्या हाताने लावायचा, हे काम मी स्वतःकडे घेतले आहे. सासूबाईंना प्रथम हा प्रकार विनोदी वाटला. भोपळे मोजून झाल्यावर त्यांनी थट्टा थांबवली.

फळमाशीच्या बाबतीत मात्र चूक सर्वस्वी माझी होती. ही माशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते; तिथे डिंकासारखा थेंब दिसतो, फळ वाकडे होते आणि आतून अळ्या पडून सडते. आंब्याच्या मोसमात कलमांना लावलेले सापळे घरात होतेच. त्यांतले दोन काकडीच्या मांडवाला टांगले आणि रोज त्यांत पडलेल्या माश्या पाहून समाधान मानत राहिले. काकड्या मात्र सडतच होत्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या एका नातेवाइकाने खुलासा केला, तेव्हा उलगडा झाला: आंब्याच्या सापळ्यातील मिथिल युजेनॉलला आंब्यावरच्या फळमाशीचे नर भुलतात, काकडी-कारल्यावरची फळमाशी वेगळ्या जातीची असून तिच्या नरांसाठी क्यू-ल्युअर नावाचे दुसरे आमिष लागते. मी महिनाभर भलत्याच माश्या पकडत होते. आता योग्य आमिष आणतो, शिवाय कोवळ्या फळांना जुन्या धोतराच्या पिशव्या बांधतो आणि सडून पडलेले फळ तिथेच न ठेवता पाण्यात बुडवून आतल्या अळ्या मारतो, कारण अळी मातीत शिरून कोष करते.

पडवळाला खाली दगड बांधून ते सरळ ठेवणे, हळद्या रोगाने पिवळे पडलेले भेंडीचे झाड मोह न ठेवता उपटणे, लाल माठ महिन्याच्या आत खुडून पुन्हा पेरणे ही कामे अधूनमधून चालूच राहतात. अळवासाठी काहीच करावे लागत नाही. न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथे ते आपले वाढते.

२०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली, आणि आमची सगळी घाई दुसऱ्या दिवशीच्या ऋषिपंचमीसाठी होती. ऋषीच्या भाजीत बैलाच्या कष्टाचे काही चालत नाही. नांगरलेल्या शेतातले नव्हे, तर हाताने खणलेल्या जागेतले लागते. म्हणून परसाचा मान त्या दिवशी शेताहून मोठा. अळू, माठ, भेंडी, दोडका, भोपळा आणि सुरण घरचे झाले. पडवळ सासूबाईंच्या मृगातल्या वेलाचे होते, दोनच, हातभरही न वाढलेले. त्यांनी ते चिरताना माझ्याकडे पाहिले नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

दिवाळीतही सरी येत राहिल्या, त्यामुळे हिवाळी वाफे नोव्हेंबरात गेले. इथून पुढे परसाचे शास्त्र उलटे होते. जांभ्यात पाणी टिकत नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून गेलेल्या गावात एप्रिलअखेर विहिरीचा तळ दिसू लागतो आणि आसपासच्या काही वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. हे मला आजही पटत नाही, माणच्या माणसाला ते पटणे कठीणच. मात्र या दिवसांत माझे माहेर उपयोगी पडते. चर बुजवून वांगी-मिरचीला आळी मीच करते, त्यांच्यात नारळाची सोडणे, म्हणजे वरची सालपटे, पुरते, वर भाताचा पेंढा पसरते आणि पाणी फक्त संध्याकाळी, तेही तांब्याने, बुंध्याशी देते. पूर्वी रोज पाटाने जेवढे पाणी जायचे, तेवढ्यात आता तीन दिवस निघतात.

बियांना ठेवलेल्या तवशाला, म्हणजे मोठ्या काकडीला, आणि दोडक्याला सासूबाईंनी लाल दोरा बांधला होता, म्हणजे कुणी चुकून तोडू नये. दोडका वेलावरच वाळला. तवसे जून होऊन पिवळे झाले, त्याच्या बिया काढून राखेत घोळवल्या आणि उरलेल्या गराचे धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, झाले. पडवळाच्या बिया यंदा थोड्याच आहेत, अकरा. त्यांची बरणी सासूबाईंनी स्वतःच्या कपाटात ठेवली आहे.